सासूच्या ब्लिनींचा बुधवार

आग्रिपिना साव्विश्ना अंगणाच्या पायरीवरून घसरून पडली, तेव्हा तिच्या हातात दुधाची बादली होती. पडतानाही तिने ती सोडली नाही. उजवा हात अंगाखाली गेला, मनगटातून काडकन आवाज आला, तरी बर्फात बसल्या बसल्या तिने आधी बादलीत डोकावून पाहिलं. निम्मं दूध शिल्लक होतं.

"फारसं सांडलं नाही," धावत आलेल्या सुनेला ती म्हणाली.

नोन्नाने बादलीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती गावच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिने सासूची बाही वर केली. जिथे वाकायला नको तिथे मनगट वाकलं होतं.

"आई, हात मोडलाय."

"मुरगळलाय."

"मोडलाय. मी रोज बघते मोडलेले हात. तुमचा लाव्रेन्ती पाहुण्यांना आणायला ट्रक काढतोच आहे, नदीपलीकडे इस्पितळात—"

"आज?" आग्रिपिनाने सुनेकडे असं पाहिलं की जणू तिने चर्चमध्ये शिट्टी वाजवली होती. "आज बुधवार आहे, बाई! डोकं ठिकाणावर आहे ना?"

बुधवार होताच, आणि तोही मास्लेनित्साच्या आठवड्यातला, मोठ्या उपासाआधीचा. या दिवशी सासू जावयाला ब्लिनी, म्हणजे आंबवलेल्या पिठाची पातळ धिरडी, खायला घरी बोलावते. घरात चुलीच्या कट्ट्यावर लाकडी बादलीत कुट्टूचं पीठ रात्रभर फुगत होतं. धाकट्या लेकीचा, रिम्माचा गेर्मान अजून जावई झालेला नव्हता, पण त्याला या बुधवारी आईसकट बोलावणं म्हणजे सगळ्या गल्लीला लग्नाचं सांगणंच होतं. आणि अडलं होतं ते त्या आईपाशीच. गेर्मान बर्फ फुटल्यावर सायबेरियात, येनिसेई नदीवर बोटींच्या कामाला जाणार होता, तीन वर्षांसाठी. बायको असेल तर दोघांना खोली मिळणार होती. आईचा शब्द मोडून लग्न करणार नाही, असं त्याने रिम्माला तोंडावर सांगितलं होतं. त्यामुळे रिम्माला त्याचा राग यायचा, आणि त्याच कारणाने तो आवडायचाही.

त्याची आई ताइसिया आर्खिपोव्हना नदीपलीकडच्या वसाहतीत पावाच्या कारखान्यात पिठावरची मुख्य बाई होती. पीठ नुसतं हुंगून ते कधी भिजवलं ते सांगते, असं तिच्याबद्दल बोललं जायचं. दोनदा तिने आमंत्रण टाळलं होतं. तिसऱ्यांदा हो म्हणाली होती.

"घरात चल," आग्रिपिना दात आवळून म्हणाली. "आणि बांध काय बांधायचं ते. पाहुणे गेले की जाईन तुझ्या इस्पितळात."

"शब्द?"

"शब्द."

नोन्नाने छपराच्या दोन फळकुट्या घेतल्या, जुनी ओढणी फाडली, आणि स्वयंपाकघरात सासूचा हात बांधला. आग्रिपिनाच्या कपाळावर घामाचे थेंब जमले, पण तोंडातून हूं की चूं निघालं नाही. एवढंच म्हणाली, "कापाला बोलाव. ती भाजेल."

नोन्नाने गाठ घट्ट केली. या घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. लाकडं आणणं, बटाटे घासणं, भांडी, सगळं तिचं. चुलीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या तीन बिडाच्या तव्यांना मात्र तिने हात लावायचा नव्हता. पहिल्या मास्लेनित्साला तिने आपल्या माहेरच्या, मासळीसाठी प्रसिद्ध अस्त्राखानच्या पद्धतीने पिठात उकळतं दूध घातलं होतं, तेव्हा सासूने सगळं पीठ डुकरांना घालून म्हटलं होतं, "हा हात माशाचा आहे. ब्लिनीचा नाही."

*

कापा, म्हणजे आग्रिपिनाची थोरली लेक कापितोलिना, दोन घरं सोडून राहायची. लाकडाच्या वखारीत हिशेबनीस होती, आणि निरोप मिळताच केसांना रुमाल गुंडाळत, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. वाटेत तिच्या छातीत धडधडत होतं आणि ते आईच्या हाताच्या काळजीने नव्हतं, हे तिला स्वतःलाच कळत होतं.

वखारीत ती नेहमी म्हणायची, "आमच्या ब्लिनी." सगळे मान डोलवायचे. आग्रिपिना साव्विश्नाची थोरली लेक, तिला येणार नाही तर कोणाला! तिने स्वतः एकही ब्लिन कधी भाजला नव्हता, हे ना कोणी विचारलं, ना तिने सांगितलं.

"आलीस? पळी घे," आई चुलीशेजारी तिवईवर बसून म्हणाली, हात गळ्यात अडकवलेला. "तवा तापलाय. कांद्याची फोड काट्याला टोच, चरबीत बुडव, तव्यावर फिरव. अगं फिरव! अंगाला तेल लावतेस का त्याला?"

कापाने फोड फिरवली. तवा चरचरला. तिने पळीभर पीठ ओतलं.

"तवा वळव! मनगटातून!"

पीठ मधोमध गोळा होऊन बसलं. ती उलथायला गेली तर फाटलं. पुढचा खालून काळा आणि वरून कच्चा झाला. त्याच्या पुढचा उलटताना निखाऱ्यात पडला आणि धूर सगळ्या घरभर झाला. बाहेरच्या खोलीतून रिम्मा खोकत आली.

"काय जळतंय?"

"काही नाही!" दोघी मायलेकी एकदम म्हणाल्या.

"कापा, तुला झालंय तरी काय?" आग्रिपिना ओरडली. "आणि ते पीठ बघ, ते उतू चाललंय!"

खरंच बादलीच्या काठावरून पीठ हळूहळू खाली ओघळत होतं. कापितोलिनाने पळी ठेवली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सगळं धुरामुळे नव्हतं.

"मला येत नाही, आई."

"काय येत नाही?"

"ब्लिनी. मला कधीच आल्या नाहीत. तू पळी हातात दिलीस का कधी? 'कापा, तू टेबल मांड.' 'कापा, तू चहाचा समोवार बघ.' चाळीस वर्षांची झाले मी टेबल मांडून मांडून!"

आग्रिपिनाची नजर आपल्या बांधलेल्या हातावर गेली. तिला आठवत होतं. लेकीच्या हाताला चटका बसेल, पीठ वाया जाईल, वेळ जाईल, म्हणून ती प्रत्येक वेळी स्वतःच उभी राहिली होती. आणि खरं तर तवा सोडवत नव्हता तिला.

"नोन्नाला दे," कापा म्हणाली.

दारात लाकडांची मोळी घेऊन उभी असलेली नोन्ना दचकली. नऊ वर्षांत या नणंदेने तिची बाजू घेतल्याचं तिला आठवत नव्हतं.

"तिला?" आग्रिपिना म्हणाली. "तिचा हात—"

"माशाचा. पाठ झालंय ते सगळ्यांना. त्याच माशाच्या हाताने आत्ता तुझं मोडलेलं हाड बांधलं ना? ओरडलीस का तू तेव्हा? हात हलका आहे तिचा, आई. माझा नाही."

"कापाताई, तुम्ही..." नोन्ना मोळी छातीशी धरून म्हणाली.

"तू लाकडं ठेव आधी," कापा म्हणाली. "आणि टेबल माझ्यावर सोड. तेवढं मला येतं."

रिम्मा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने जाऊन वहिनीच्या हातातली मोळी काढून घेतली.

आग्रिपिनाने डोळे मिटले. "घे पळी," ती म्हणाली. "पण मी सांगेन तसंच. तसूभरही इकडेतिकडे नाही."

*

नोन्नाने पळी घेतली. तिने पीठ ओतलं, तवा वळवला, पीठ कडेपर्यंत सरसर पसरलं. उलटला, निघाला, फाटला नाही. कापाने टाळ्या वाजवल्या.

पण आग्रिपिनाने तो बोटांत धरून उजेडाकडे केला आणि तिचा चेहरा उतरला. जाळी नव्हती. ब्लिन पांढुरका, चपटा, जाड कागदासारखा झाला होता. सकाळच्या गोंधळात पिठाकडे कोणी बघितलं नव्हतं. ते हवं त्याहून जास्त फुगलं होतं आणि आता दमून खाली बसलं होतं.

"आंबून गेलं," ती हळूच म्हणाली.

"आई, थोडं उकळतं दूध घातलं तर परत उठेल," नोन्ना म्हणाली.

"नाही!"

"आमच्याकडे—"

"तुमच्याकडे स्टर्जन मासा उड्या मारत ताटात येतो, माहीत आहे. माझ्या पिठात उकळतं दूध पडलं, तर याद राख. आहे तसेच भाज. वर लोणी जास्त सोडू."

कापाने आईला धरून उठवलं. एका हाताने तिला चांगला झगा घालता येणार नव्हता, केसही विंचरायचे होते. दोघी आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं.

स्वयंपाकघरात नोन्ना आणि रिम्मा उरल्या.

रिम्मा शाळेत भूगोल शिकवायची. येनिसेईची प्रत्येक उपनदी तिला पाठ होती. चुलीपुढे मात्र ती पाहुण्यासारखी उभी राहायची, कारण धाकटी म्हणून तिला कोणी काही करूच दिलं नव्हतं. ती त्या पांढुरक्या ब्लिनकडे पाहत म्हणाली, "वहिनी, ही बाई हे खाईल, रुमालाने तोंड पुसेल, आणि 'आभारी आहे' म्हणून उठून जाईल. मग संपलं."

नोन्नाने आतल्या दाराकडे पाहिलं. मग बादलीकडे. सकाळचं वाचलेलं दूध कोपऱ्यात तसंच होतं.

"दाराशी उभी राहा," ती म्हणाली.

"वहिनी!"

"उभी राहा म्हणते. आई आल्या तर खोक."

तिने दूध पातेल्यात ओतून निखाऱ्यांवर धरलं. कडेला बुडबुडे आले, मग मधोमध वर चढलं. पीठ नासलं तर दुसरं नव्हतं, वेळही नव्हता, आणि या घरात तिला पुन्हा तोंड वर करून राहता आलं नसतं. एका हाताने घोटत, दुसऱ्याने ती सुतासारखी धार सोडत राहिली. पीठ आधी पातळ झालं. काहीच होईना. मग तळातून एक बुडबुडा वर आला आणि फुटला. मग दुसरा. मग सगळी बादलीच सुस्कारा टाकल्यासारखी वर उठली.

रिम्मा दारापाशी उभी राहून खोकायचं विसरली होती, पण सुदैवाने कोणी आलं नव्हतं.

तवा तापला. कांदा फिरला. पळी वळली. या वेळी पीठ पसरताच त्याला बारीक बारीक भोकं पडू लागली, इतकी दाट की तव्याचा काळा रंग त्यातून दिसत होता. नोन्नाने उलटला. लाल, चमकता, कडेला कुरकुरीत.

"अग्गं बाई!" रिम्माने तिला मागून मिठीच मारली. "वहिनी! लेस विणलीस तू, लेस!"

"सोड, पुढचा जळेल! हा पहिला बाबांचा. खिडकीत ठेव."

पहिला ब्लिन घरातल्या गेलेल्या माणसाचा. रिम्माने तो बशीत घालून खिडकीच्या फळीवर ठेवला आणि तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला, एकदा, दोनदा, मग एकसारखा. नोन्नाच्या नवऱ्याचा, लाव्रेन्तीचा ट्रक. पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले होते.

"आले!" रिम्मा किंचाळली. "आई, कापाताई, आले!"

*

ट्रकमध्ये मुलगा आणि लाव्रेन्ती यांच्यामध्ये दाटीवाटीने बसून ताइसिया आर्खिपोव्हना गोठलेली वोल्गा ओलांडून आली होती. वाटेत बर्फाच्या रस्त्यावर एके ठिकाणी पाणी वर आलं होतं, आणि लाव्रेन्तीने "धरून बसा, काकू!" म्हणत ट्रक असा सोडला की दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंखे उडाले. ती किंचाळली नाही. उलट तिला मजा आली, पण तसं तिने दाखवलं नाही.

ती नाही म्हणायलाच आली होती. शब्दही ठरवून ठेवले होते: मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, पण तिला हातात पळी धरता येत नाही असं ऐकलंय. येनिसेईवर उणे चाळीसात दोघं नकाशा खाऊन जगणार का? परत या, मग बघू.

दारात आग्रिपिना निळा झगा घालून, खांद्यावर फुलांची मोठी शाल घेऊन उभी होती. उजवा हात शालीखाली होता. डाव्या हाताने तिने पाहुणीचा हात धरला तेव्हा ताइसियाला थोडं विचित्र वाटलं.

आणि मग तिला टेबल दिसलं.

कापितोलिनाने तिला येत होतं ते सगळं पणाला लावलं होतं. कडक इस्त्रीचं पांढरं कापड. मधोमध टॉवेलखाली गरम केलेली मोठी बशी, ब्लिनींसाठी मोकळी. वितळलेलं लोणी मातीच्या वाडग्यात, त्यात बदकाचं पीस. आंबट साय इतकी घट्ट की चमचा उभा राहावा. खारवलेल्या हेरिंग माशाचे तुकडे, वर कांद्याच्या चकत्या. मिठातली लालसर अळंबी. चिरलेलं उकडलेलं अंडं. लिंगनबेरीचा मुरंबा, मध. आणि काचेच्या छोट्या भांड्यात, बर्फावर बसवलेली, काळी चमकणारी गाबोळी. ती नोन्नाच्या भावाने अस्त्राखानहून पाठवली होती आणि दरवर्षी कपाटातच राहायची. आज कापाने कोणाला न विचारता काढली होती. कोपऱ्यात समोवार गुणगुणत होता. खारट सगळं एका बाजूला, गोड दुसऱ्या बाजूला, म्हणजे हात कुठे वळवायचा ते पाहुण्याला आपोआप कळावं.

"टेबल कोणी मांडलं?" ताइसियाने विचारलं.

"मी," कापा म्हणाली, आणि लाल झाली.

सगळे बसले. मधल्या फळ्यांच्या आडोशामागून चरचर ऐकू येत होती. रिम्मा आत गेली आणि पहिली चळत घेऊन आली. वाफ निघत होती, लोणी कडेवरून ओघळत होतं. गेर्मानने न राहवून सुरी उचलली, ब्लिनला सुरी कधी लावत नाहीत हे विसरून.

"सुरी खाली!" दोन्ही आया एकदम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा एकमेकींकडे बघून हसल्या.

ताइसियाने वरचा ब्लिन दोन बोटांनी उचलला. खिडकीकडे धरला. उजेड जाळीतून तिच्या चेहऱ्यावर ठिपक्याठिपक्यांनी पडला. तिने काहीही न लावता एक तुकडा तोडला, चावला, थांबली. लाव्रेन्तीचा घास तोंडात तसाच राहिला.

तिने दुसरा तुकडा तोडला. मग अख्खा ब्लिन त्रिकोणी दुमडून लोण्यात बुडवला. मग एकावर आंबट साय आणि हेरिंग. मग गाबोळी, गुंडाळी करून. रिम्मा आत-बाहेर धावत होती, प्रत्येक चळत तव्यावरून थेट टेबलावर, आणि बशी रिकामी होत होती. गेर्मानच्या हनुवटीवर लोणी होतं. लाव्रेन्ती मोजायचं सोडून नुसता खात होता. आग्रिपिनानेही डाव्या हाताने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मनात म्हणाली, पीठ उठलं की माझं! उगाच घाबरले. माझं पीठ असं हरणारं नव्हेच.

"यात उकळतं दूध आहे," ताइसिया म्हणाली.

"छे!" आग्रिपिना म्हणाली. "माझ्या घरात असलं काही—"

ती तिथेच थांबली. तोंडातला घास तिने पुन्हा चावला, हळू. मग तिची नजर फळ्यांच्या आडोशाकडे गेली.

"आहे," ताइसिया म्हणाली. "पीठ बसलं होतं आणि कोणीतरी ते उठवलं. वेळेवर आणि बरोबर गरम. एक डिग्री इकडे-तिकडे झाली असती तर गेलं होतं. आमच्या कारखान्यातल्या निम्म्या पोरींना जमणार नाही. तुम्ही इथे बसलेल्या, थोरली इथे बसलेली. मग चुलीशी कोण आहे?"

आग्रिपिनाने तोंड उघडलं. सुनेचं नाव ओठावर आलं होतं. पण पाहुणीच्या पहिल्या भेटीत, मोडका हात, बिघडलेलं पीठ, सगळंच उघडं करायचं? तेवढ्यात रिम्मा ताजी चळत घेऊन आली, गाल लाल, कपाळावर पिठाचा ठिपका.

"ही," आग्रिपिना म्हणाली. "रिम्माच भाजतेय."

*

रिम्माला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

पण ताइसिया आर्खिपोव्हनाचा चेहरा बदलत होता. तो सगळा कडक चेहरा कपाळापासून खाली मऊ होत आला. ती रिम्माकडे पाहत होती, जणू आत्ताच ती पहिल्यांदा दिसली.

"तू?" ती म्हणाली. "आणि लोक मला सांगतात, मुलीला पळी धरता येत नाही. जळतात मेले." ती मुलाकडे वळली. "गेर्मान, मी नाही म्हणायला आले होते. खोटं कशाला सांगू. पण अशा हाताची मुलगी बरोबर असेल, तर तू कुठेही जा. येनिसेईवर जा, उत्तर ध्रुवावर जा."

गेर्मान उभाच राहिला. लाव्रेन्तीने टेबलावर मूठ आपटून "झालं!" म्हटलं. कापाच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलाखाली आग्रिपिनाने डाव्या हाताने पटकन क्रूसाची खूण केली.

रिम्माच्या हातात गरम बशी होती. बोटं पोळत होती. एवढंच करायचं होतं, बशी टेबलावर ठेवायची आणि हसायचं. सगळं तिचं होतं. गेर्मान, खोली, ती लांबच लांब नदी. आडोशामागे चरचर थांबली होती. म्हणजे वहिनीला ऐकू गेलं होतं. आणि वहिनी बाहेर येत नव्हती. ती येणारही नव्हती, गप्प राहून सगळं देऊन टाकणार होती, हे रिम्माला कळलं.

"मी नाही भाजल्या," ती म्हणाली.

"रिम्मा!" आई म्हणाली.

"नाही, आई. ताइसिया आर्खिपोव्हना, मला खरंच पळी धरता येत नाही. लोक बरोबर सांगतात. मी नुसती बशा आणते. भाजते ती माझी वहिनी. दूधही तिनेच घातलं, आईने नको म्हटलेलं असताना. मी दाराशी पहारा देत होते." तिचा आवाज चढला, थांबवता येईना. "मला येनिसेईला जायचंय. खूप जायचंय. पण तिच्या हातावर हो म्हणवून घेऊन नाही. मग तिकडे पहिल्याच दिवशी मी त्याला काय वाढू?"

ताइसियाचा चेहरा पुन्हा कडक झाला होता, आधीपेक्षाही.

"म्हणजे मला फसवलंत," ती आग्रिपिनाला म्हणाली.

आग्रिपिना उठली. डाव्या हाताने तिने शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर टाकली. फळकुट्या आणि ओढणीत बांधलेला, आता वांग्यासारखा सुजलेला हात सगळ्यांना दिसला.

"फसवलं," ती म्हणाली. "मुलीने नाही, मी. सकाळी पडले, हात मोडला. माझ्या ब्लिनींच्या नावाला डाग नको, म्हणून हे लपवून बसले. नोन्ना! बाहेर ये."

नोन्ना आली. चेहरा चुलीच्या आचेने लालबुंद, गालावर काजळी, हातात अजून पळी.

"ही माझी सून," आग्रिपिना म्हणाली. तिला पुढचं वाक्य उच्चारायला वेळ लागला, पण उच्चारलं. "हात तिचा आहे. नऊ वर्षं मी तिला तव्याला हात लावू दिला नाही. आणि आज तिने माझं ऐकलं नाही, हे बरं झालं."

नोन्नाने पळीकडे पाहिलं. ती आता काय करायची असते, हे तिला समजेना.

ताइसियाने त्या सुजलेल्या हाताकडे पाहिलं. मग मुलाकडे वळली.

"ऐकलंस? ही तुला उपाशी ठेवणार आहे."

"चालेल," गेर्मान म्हणाला.

"चालेल म्हणे! बारा वर्षांचा होतास तेव्हापासून तुला पाव करायला शिकवलाय मी. तू करशील?"

"मी करीन."

"आणि ही काय करणार?"

"मी वाट दाखवीन," रिम्मा म्हणाली. "तो घरातल्या घरात हरवतो."

लाव्रेन्ती आधी हसला. मग कापा. मग ताइसिया आर्खिपोव्हनाने रुमालाने तोंड पुसलं, पण रुमालामागे तिचे खांदे हलत होते.

"खोटं तीन मिनिटंही टिकलं नाही या मुलीच्या पोटात," ती म्हणाली. "बरं आहे. गेर्मानच्याही टिकत नाही. दोघं मिळून काही लपवू शकणार नाहीत माझ्यापासून." आणि मग आग्रिपिनाकडे, "विहीणबाई, तुम्ही वेड्या आहात का? हे हाड आहे, खांब नव्हे. चला इस्पितळात!"

विहीणबाई. शब्द टेबलावर पडला आणि एकदम सगळे बोलायला लागले. गेर्मानने रिम्माला बशीसकट उचललं, ब्लिनी उडाल्या, एक समोवारावर जाऊन बसला. लाव्रेन्ती ट्रक सुरू करायला धावला. कापा आईचा कोट शोधत कपाट रिकामं करत सुटली.

"आणि पीठ?" नोन्ना म्हणाली. "अजून अर्धी बादली आहे. थांबलं तर परत बसेल."

"आण इकडे ती पळी." ताइसिया आर्खिपोव्हनाने बाह्या वर केल्या. "एप्रन कुठे आहे? रिम्मा, इकडे ये, माझ्याजवळ उभी राहा. आजपासून शिकायचं. कांदा धर. अगं, फुलासारखा नको, कांद्यासारखा धर!"

आडोशामागे पुन्हा चरचर सुरू झाली. नोन्ना मोकळ्या हातांनी खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"बस," आग्रिपिना म्हणाली.

"आई, कोट घाला, मी येते बरोबर, डॉक्टरांना मीच—"

"बस म्हणते ना." आग्रिपिनाने आपली खुर्ची, टेबलाच्या डोक्याची, डाव्या हाताने मागे ओढली. "सकाळपासून तोंडात घास गेलाय का तुझ्या?"

नोन्ना बसली. कापाने न सांगता तिच्यापुढे स्वच्छ बशी ठेवली आणि गाबोळीचं भांडं जवळ सरकवलं. रिम्मा तव्यावरून नुकताच उतरलेला ब्लिन घेऊन धावत आली. आग्रिपिनाने पीस उचललं, लोण्यात बुडवलं, आणि डाव्या हाताने, सांडत, टेबलावर थेंब पाडत, सुनेच्या ब्लिनवर कडेपासून कडेपर्यंत फिरवलं. नोन्नाने तो दुमडला. पहिल्या घासालाच तिचे डोळे भरून आले, आणि गरम होतं म्हणून, असं ती पुटपुटली.

बाहेर भोंगा वाजला. लाव्रेन्तीने दार उघडून गार वाऱ्यासकट डोकं आत घातलं. "आई, चल ना! नदीवर पाणी वाढतंय, उशीर झाला तर रस्ता बंद होईल!"

आग्रिपिना साव्विश्ना कोट खांद्यावर टाकून, मोडका हात छातीशी धरून, खुर्चीच्या पाठीशी उभी होती.

"थांब जरा," ती म्हणाली. "सून जेवतेय."